जुना ऑब्लिव्हियन एनव्हिडिया कार्ड वापरतच नाही, इंटेलवरच अडकलाय. मदत हवी

कांजूरकर · शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. प्रश्न वीस वर्षं जुन्या गेमचा आहे, पण माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेम द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन. मूळ २००६ चा, २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला रीमास्टर नव्हे. लॅपटॉप २०१९ चा आहे: आय-५ ९३०० एच, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आणि प्रोसेसरमधलंच साधं इंटेल यूएचडी ६३० ग्राफिक्स. विंडोज ११. गेम स्टीमवरून घेतलेला.

सुरुवातीचा तुरुंग आणि भुयारी गटारं ठीक चालतात. गटाराच्या तोंडाशी लोखंडी जाळी उघडून बाहेर आलं, की समोर तळं आणि पलीकडच्या काठावर विल्व्हरिन या जुन्या अवशेषांचे पांढरे पडके खांब दिसतात. तिथे एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, १४ ते १८. मान वळवली की गवत टप्प्याटप्प्याने हलतं. जीटीएक्स १६५० वर २००६ चा गेम असा चालणं शक्यच नाही.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ग्लोबल सेटिंगला 'हाय परफॉर्मन्स एनव्हिडिया प्रोसेसर' निवडलं. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. काही फरक नाही. इथल्याच एका दुकानात दाखवला, त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं की कार्ड गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल, २२ हजार. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

आता हा गेमच का, ते सांगतो. २००७ मध्ये आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दादाला पहिली नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने लॅमिंग्टन रोडवरून या गेमची डीव्हीडी आणली. डब्याच्या मागे १२८ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागेल असं छापलं होतं, ते आम्ही घरी येऊन वाचलं. आमच्याकडे इंटेल ८६५ चिपसेटचं ऑनबोर्ड. गेमला लागणारे पिक्सेल शेडर, म्हणजे चित्रातला रंग-प्रकाश काढणारे भाग, त्याच्यात नव्हतेच. गेम उघडलाच नाही. दिवाळीत कार्ड घेऊ म्हणाला दादा, आणि दिवाळीच्या आत त्याची बदली बंगळुरूला झाली. डबा अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या शनिवारी तो चार दिवसांसाठी येतोय. तो आला की त्याच्यासमोर गेम सुरू करून द्यायचा आहे, नीट चालणारा.

फलाट_सात · शुक्रवार, रात्री ११:५८

सोपं आहे भाऊ. डिव्हाइस मॅनेजर उघड, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये इंटेलवर राइट क्लिक कर, डिसेबल. एकच कार्ड उरलं की गेमला तेच घ्यावं लागेल.

निळी_छत्री · शनिवार, रात्री १२:०६

कांजूरकर, कृपा करून हे करू नका. तुमच्या लॅपटॉपचा स्क्रीन इंटेललाच जोडलेला असणार. इंटेल बंद केलं की विंडोज स्वतःच्या साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर येतं, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, आणि एनव्हिडियाला स्क्रीनपर्यंत चित्र पोचवायची वाटच उरत नाही. गेम आणखी बिघडेल.

मदरबोर्डवर एक रुपयाही खर्च करू नका. कार्ड मेलेलं असतं तर कंट्रोल पॅनल उघडलाच नसता.

आधी एक फाइल बघा. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात ऑब्लिव्हियन नावाचा फोल्डर. तिथे रेंडरर-इन्फो नावाची टेक्स्ट फाइल आहे. गेम सुरू करून बंद करा, मग ती नोटपॅडमध्ये उघडा. गेमने प्रत्यक्ष कोणत्या कार्डावर काम केलं त्याचं नाव अगदी वर असतं. विंडोजच्या डीएक्सडायग या तपासणीच्या टूलवर जाऊ नका, त्याच्या डिस्प्ले टॅबवर स्क्रीन ज्याला जोडलाय त्याचंच नाव येतं.

त्याच फोल्डरमध्ये ऑब्लिव्हियनची आयएनआय, म्हणजे सेटिंग्जची फाइल आहे. तिच्यात 'एस-डीथ्रीडी-डिव्हाइस' शोधा आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय तेही सांगा.

फलाट_सात · शनिवार, रात्री १२:१५

ओके. माझ्या डेस्कटॉपवर हे केलं होतं तेव्हा चाललं होतं. लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर इंटेलमधून जाते हे माहीत नव्हतं. कांजूरकर, माझा सल्ला सोड.

कांजूरकर · शनिवार, सकाळी ७:३०

बघितलं. गंमत अशी की दोन फाइल्स दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत.

रेंडरर-इन्फोमध्ये: इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६३०.
आयएनआयमध्ये: एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १६५०.

मग खरं कोणतं? आयएनआयमध्येच कार्डाचा नंबर सांगणारं 'आय-अडॅप्टर' शून्य आहे असंही दिसलं. ते एक करून बघितलं, तर गेम उघडताच बंद पडला. परत शून्य केलं.

निळी_छत्री · शनिवार, सकाळी ९:१०

दोन्ही खरी आहेत, आणि आपल्याला हवा होता तो धागा हाच. जरा लांबण लावते, कारण हे एकदा कळलं की कुठल्याही जुन्या गेमला लागू पडतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन कार्डं आहेत, पण स्क्रीनची वायर एकालाच आहे, इंटेलला. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस आणलं तेव्हापासून बहुतेक लॅपटॉप असेच. जड काम असेल तर एनव्हिडिया चित्र काढतं, तयार फ्रेम इंटेलच्या मेमरीत नेऊन ठेवतं, आणि इंटेल ती स्क्रीनवर लावतं. काम नसेल तेव्हा एनव्हिडिया झोपून असतं, म्हणून बॅटरी टिकते.

ऑब्लिव्हियन डायरेक्टएक्स ९ चा गेम आहे. डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा. डायरेक्टएक्स ९ कार्डं मोजतं कशी? तर जोडलेल्या स्क्रीनवरून. तुम्ही चाळीत राहिलेले आहात, तेव्हा असं समजा: पोस्टमन गॅलरीतून चालत दारावरच्या पाट्या वाचतो. आतल्या खोलीत पोटभाडेकरू राहतो, पण त्याचं नाव दारावर नाही. पोस्टमनसाठी त्या घरात एकच माणूस. एनव्हिडिया हा आतल्या खोलीतला. आय-अडॅप्टर एक केल्यावर गेम पडला तो त्यामुळेच, एक नंबरची पाटी कुठल्याच दारावर नाही. म्हणजे गेमच्या आतून कार्ड निवडायची सोयच नाही. तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

नव्या गेमचं वेगळं असतं. ऑप्टिमस आल्यावर गेम बनवणारे एक्झीमध्येच, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलमध्येच, एक खूण ठेवू लागले, 'मला मोठं कार्ड द्या' अशी. ड्रायव्हर ती वाचतो. एएमडीसाठीही तशीच खूण आहे. २००६ च्या गेममध्ये ती असणार कशी?

तेव्हा निर्णय गेमच्या बाहेर होतो, आणि एक्झी सुरू होते त्या क्षणी होतो. निर्णय घेणारे दोघं आहेत. पहिला एनव्हिडियाचा ड्रायव्हर, त्याच्याकडे एक्झीच्या नावांप्रमाणे प्रोफाइल असतात. दुसरं विंडोज. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून, म्हणजे १८०३ पासून, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स अशी यादी आली. दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर विंडोजचं चालतं. तुम्ही पहिल्याकडे जाऊन सगळं केलंत, दुसऱ्याला विचारलंच नाही.

आता दोन फाइल्सचं. ऑब्लिव्हियनमध्ये दोन एक्झी आहेत. स्टीमवर प्ले दाबलं की आधी लाँचर उघडतो, तो म्हणजे ऑब्लिव्हियन-लाँचर. तो कार्ड ओळखतो, त्याप्रमाणे लो, मीडियम, हाय ठरवतो आणि नाव आयएनआयमध्ये लिहितो. मग तुम्ही त्यात प्ले दाबता तेव्हा खरा गेम, ऑब्लिव्हियन डॉट एक्सई, सुरू होतो. तुमचा लाँचर एनव्हिडियावर उघडतोय. तो बघतो, वा, चांगलं कार्ड आहे, आणि सगळं अल्ट्रा हायवर नेऊन ठेवतो. आणि गेम उघडतो इंटेलवर. एनव्हिडियाच्या मापाचं ओझं इंटेलच्या डोक्यावर. १४ एफपीएस यायचेच.

आता विंडोजच्या त्या ग्राफिक्स यादीत जा आणि ऑब्लिव्हियनचं नाव आहे का, असल्यास समोर काय लिहिलंय ते सांगा.

कांजूरकर · शनिवार, दुपारी १:२०

ताई, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. दोनदा वाचलं.

यादीत ऑब्लिव्हियन आहे, समोर 'हाय परफॉर्मन्स' आहे. बहुतेक मीच कधीतरी केलं असावं. म्हणजे विंडोजही बरोबर सांगतंय. तरीही रेंडरर-इन्फोमध्ये इंटेलच येतंय, आत्ता परत बघितलं.

निळी_छत्री · शनिवार, दुपारी १:३४

यादी पूर्ण खाली सरकवा. नाव एकदाच आहे का?

आणि गेम पहिल्यापासून आहे तिथेच आहे, की कधी हलवला?

वसईवाला · शनिवार, दुपारी २:०५

मध्येच विचारतो, माफ करा. माझं असंच जीटीए व्हाइस सिटीचं झालंय. लॅपटॉपवर एनव्हिडिया आहे, विंडोजच्या यादीत हाय परफॉर्मन्स केलं, तरी गेम इंटेलवर आणि रंग विचित्र. ताईंची पद्धत त्यालाही चालेल का?

चेंजओव्हर · शनिवार, दुपारी ४:४८

निळी_छत्री यांनी लिहिलेल्या वायरिंगमध्ये माझी थोडी भर. मी वायरमन होतो, आता निवृत्त. नातवाचा गेमिंग लॅपटॉप बघताना हे समजून घेतलं.

सोसायटीच्या मीटर रूममध्ये चेंजओव्हर स्विच असतो. एका बाजूला कंपनीची लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दांडा फिरवला की लिफ्ट या लाइनवरून त्या लाइनवर जाते. काही लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या वायरला असाच स्विच असतो, त्याला मक्स म्हणतात. नातवाच्या लॅपटॉपमध्ये आहे. तो फिरवून लॅपटॉप रीस्टार्ट केला की स्क्रीन थेट एनव्हिडियाला लागतो, आणि मग जुन्या गेमलाही दारावर त्याचीच पाटी दिसते. २०१९ च्या साध्या मॉडेलांत तो सहसा नसतो, म्हणून कांजूरकरांना उपयोग नाही.

मात्र एचडीएमआयचं पोर्ट तपासा. काही लॅपटॉपमध्ये ते पोर्ट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान आहे, त्यावर कुठलं पोर्ट कुठल्या कार्डाला लागलंय त्याचं चित्रच काढलेलं असतं. तुमचं एचडीएमआय एनव्हिडियाखाली दिसलं तर टीव्ही लावा, टीव्ही हाच एकमेव डिस्प्ले ठेवा, आणि गेम चालवून बघा. कार्ड जिवंत आहे की नाही याची ती सरळ चाचणी. दुकानदाराचं म्हणणंही तपासलं जाईल.

निळी_छत्री · शनिवार, संध्याकाळी ६:१५

काका, चेंजओव्हरचं उदाहरण फार नेमकं आहे.

वसईवाला, तुमचं प्रकरण थोडं वेगळं. व्हाइस सिटी डायरेक्टएक्स ८ वर आहे. इतक्या जुन्या गेमसाठी मी तरी थेट डीजीवूडू-२ वापरते. तो मध्ये बसतो, गेमचं जुनं बोलणं डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मध्ये करून कार्डाला सांगतो. त्याच्या झिपमध्ये एमएस नावाचा फोल्डर, त्यात एक्स-८६. तिथली डीथ्रीडी-८ ची डीएलएल आणि डीजीवूडूची कंट्रोल पॅनल एक्झी, दोन्ही गेमच्या एक्झीशेजारी ठेवा. कंट्रोल पॅनलमध्ये पहिल्याच टॅबवर कोणतं कार्ड वापरायचं ते निवडता येतं, जे गेमला स्वतःला कधीच जमलं नसतं. डायरेक्टएक्सच्या टॅबवर वॉटरमार्कची खूण चालू ठेवा. गेममध्ये कोपऱ्यात डीजीवूडूचं नाव दिसलं म्हणजे डीएलएल लागली. नाही दिसलं तर फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. एकदा खात्री झाली की वॉटरमार्क काढून टाका.

वसईवाला · शनिवार, रात्री ९:४०

वॉटरमार्क दिसला आणि गेममधला निळ्या शर्टवालाही गुळगुळीत पळतोय! रंगही सुधारले. धन्यवाद ताई.

कांजूरकर · रविवार, रात्री १२:३०

मिळालं. सगळं मिळालं. क्रमाने लिहितो.

आधी काकांची चाचणी. कंट्रोल पॅनलच्या त्या पानावर एचडीएमआय एनव्हिडियाखाली आणि लॅपटॉपचा स्क्रीन इंटेलखाली, असं चित्र निघालं. टीव्हीला केबल लावली, फक्त टीव्ही चालू ठेवला. रेंडरर-इन्फोमध्ये पहिल्यांदा जीटीएक्स १६५० आलं! तळ्याच्या काठी ६०. म्हणजे कार्ड ठणठणीत आहे. त्या २२ हजारांचा विचार करून अंगावर काटा आला.

मग ताईंचा प्रश्न. यादी खाली सरकवली, आणि हो, ऑब्लिव्हियन दोनदा आहे. वर आहे त्याचा पाथ सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्सचा, समोर हाय परफॉर्मन्स. खाली दुसरा, डी ड्राइव्हचा, समोर 'पॉवर सेव्हिंग'.

आणि तेव्हा आठवलं. डिसेंबरमध्ये मॉड (खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल) टाकायला सोपं जावं म्हणून गेम डी ड्राइव्हमध्ये हलवला होता. त्याच सुमारास मुलगी एक महिन्याची होती. आमचं घर एका खोलीचं, रात्री गेम लावला की लॅपटॉपचा पंखा इतक्या जोरात फिरायचा की ती दचकून उठायची. मी तेव्हा पंखा शांत राहावा म्हणून हे पॉवर सेव्हिंग केलं होतं. नंतर गेम खेळणं राहूनच गेलं, आणि हेही डोक्यातून गेलं. आता खेळायला बसलो तर तीच सेटिंग आडवी आली.

जुनी सी ड्राइव्हची नोंद काढून टाकली. डी ड्राइव्हमधल्या दोन्ही एक्झींना हाय परफॉर्मन्स दिलं. रीस्टार्ट. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर, कुठलीही केबल न लावता, रेंडरर-इन्फोमध्ये एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १६५०.

पण एक शंका उरली. टीव्हीवर ६० येत होते, इथे बरोबर ३० वर थांबतोय. २९ नाही, ३१ नाही. गटारात ३० आणि बाहेरही ३०.

निळी_छत्री · रविवार, सकाळी ८:४५

किती छान! नोंद पूर्ण पाथने ठेवलेली असते, त्यामुळे गेम हलवला की ती जुन्या पत्त्यावरच पडून राहते. नाव सारखंच असल्याने नजरेतून सुटते. लाँचर आणि गेम दोघांनाही एकच कार्ड दिलंत तेही योग्य, नाहीतर उद्या लाँचर इंटेलवर उघडला की तो सगळं लोवर आणून ठेवेल.

तीसचं उत्तर मला वाटतं ठाऊक आहे. टीव्हीजवळ चार्जर लावला होता का? आणि आता बॅटरीवर खेळताय?

कांजूरकर · रविवार, सकाळी ९:०२

हो! टीव्हीच्या मागेच प्लग आहे. रात्री गादीवर बसून खेळलो, तिथे चार्जर पोचत नाही.

निळी_छत्री · रविवार, सकाळी ९:१५

मग ते बॅटरी बूस्ट. एनव्हिडियाची सोय आहे, बॅटरीवर असताना एफपीएस ३० ला बांधून ठेवते. जीफोर्स एक्सपिरियन्सच्या जागी आलेल्या एनव्हिडिया अॅपमध्ये ती बंद करता येते. पण माझं म्हणणं विचाराल तर बंद करू नका, एक्स्टेंशन बोर्ड आणा. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळतच नाही, मर्यादा काढली तरी ते तग धरणार नाही.

आणि चार्जर लॅपटॉपबरोबर आलेला, जाडा वीटभर असतो तोच लावा. ऑफिसात फोनसाठी वापरतो तो टाइप-सीचा छोटा चार्जर काही लॅपटॉप घेतात, पण तेवढ्या वॅटवर डेडिकेटेड कार्ड हळू पडतं आणि पुन्हा आपण सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. माझ्या एका सहकाऱ्याने यात पूर्ण आठवडा घालवला.

चेंजओव्हर · रविवार, सकाळी ११:३०

एक्स्टेंशन बोर्ड घेताना तीन पिनचा, अर्थिंग असलेला घ्या. लहान मूल रांगायला लागलं असेल तर शटर असलेले सॉकेट बघा, आणि वायर भिंतीच्या कडेने नेऊन क्लिपा मारा. यात पैसे वाचवू नका.

मे महिन्यात आपल्याकडे दमट हवा असते. असले लॅपटॉप खालून हवा ओढतात, गादीवर ठेवले की ती वाट बंद. पाटावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला. २०१९ पासून एकदाही आतून साफ केला नसेल तर पंख्याच्या पात्यांवर धुळीची गादी बसलेली असेल. प्रोसेसर आणि कार्ड, दोघांची उष्णता बहुतेक एकाच तांब्याच्या नळीतून जाते. एक तापलं की दुसरंही मंदावतं.

निळी_छत्री · रविवार, सकाळी ११:५२

काकांच्या जोडीला: एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ऑब्लिव्हियनसाठी कमाल फ्रेम रेट ६० ठेवा. नाहीतर तुरुंगाच्या खोलीत कार्ड उगाच दोनशे फ्रेम काढत बसेल, पंखा ओरडेल आणि बाळ परत उठेल. ६० ला बांधलंत तर १६५० ला हा गेम हलका जाईल, आवाजही कमी राहील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे दादांसमोर वाईट वाटणार नाही. इंपीरियल सिटीच्या गर्दीत किंवा पाचसहा पहारेकऱ्यांच्या मारामारीत फ्रेम पडतील. तो कार्डाचा दोष नाही. हा गेम प्रोसेसरच्या जवळजवळ एकाच कोअरवर सगळं ओझं टाकतो, कार्ड कितीही मोठं घेतलं तरी ते तसंच राहतं. आणि मॉड बरेच टाकलेले असतील तर चार जीबीचा पॅच लावा. ३२ बिटचा गेम आहे, मुळात दोन जीबी मेमरीच वापरतो आणि ती भरली की बंद पडतो.

लिनक्सवेडा · रविवार, दुपारी ३:१०

पुढे कुणी शोधत आलं तर म्हणून. विंडोजच्या यादीने काहीच होत नसेल तर डीएक्सव्हीके हा दुसरा रस्ता. तो डायरेक्टएक्स ८ ते ११ चं बोलणं व्हल्कन या डायरेक्टएक्ससारख्याच दुसऱ्या दुव्याच्या भाषेत नेतो. व्हल्कन पाट्या मोजत नाही, आतल्या खोलीतलं कार्डही त्याला दिसतं, आणि डीएक्सव्हीके आपणहून डेडिकेटेड कार्डच आधी घेतो. डीथ्रीडी-९ ची डीएलएल गेमशेजारी ठेवायची, बस. फक्त एक्स-३२ च्या फोल्डरमधली घ्या. गेम ३२ बिटचा आहे, तुमचं विंडोज ६४ बिटचं असलं तरी. ६४ वाली टाकली तर 'अॅप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही' अशी चौकट येते आणि माणूस विंडोज फॉरमॅट करायला निघतो.

मी लिनक्सवर प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून, ऑब्लिव्हियन खेळतो, तिथे डीएक्सव्हीके आधीपासूनच असतो.

फलाट_सात · रविवार, संध्याकाळी ७:३३

या धाग्यामुळे माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपवर फॉलआउट न्यू व्हेगास चालला. तिच्याकडेही लाँचर एका कार्डावर आणि गेम दुसऱ्यावर. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसच्या टॅबवर जीपीयू इंजिनचा कॉलम लावला, तिथे जीपीयू ० की १ ते समोरच दिसतं. ज्या गेममध्ये रेंडरर-इन्फोसारखी फाइल नाही त्यांना ही सोय.

कांजूरकर · पुढचा रविवार, पहाटे ५:०५

मंडळी, दादा काल संध्याकाळी आला. जेवणं झाली, मुलगी झोपली, मग कपाटातून तो डबा काढून त्याच्या हातात दिला. बराच वेळ उलटसुलट करून बघत होता. मागच्या बाजूची १२८ एमबीची ओळ त्याने मोठ्याने वाचली.

नवा बोर्ड भिंतीच्या कडेने नेलाय, क्लिपा मारल्यात. लॅपटॉप पाटावर, मागे दोन लाकडी ठोकळे. पंख्याचा आवाज येतो, पण छताच्या पंख्याखाली दबून जातो. मुलगी एकदाही उठली नाही.

दादाला की-बोर्डवर हात बसायला अर्धा तास लागला. तुरुंगातून गटारात आला, उंदीर मारले, दोनदा मेला, चिडला, परत सुरू केलं. मी सांगत काहीच नव्हतो. दोन वाजून गेले असतील, तेव्हा तो त्या जाळीपाशी आला आणि बाहेर पडला. सकाळची वेळ होती गेममध्ये. तळं, पलीकडे विल्व्हरिन, काठावरचं गवत सलग हलत होतं, कुठे अडकणं नाही. त्याने मान सावकाश डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, मग वर आकाशाकडे. एफपीएसचा आकडा मी कोपऱ्यात लावून ठेवला होता, तो ६० वर होता. दादाचं लक्ष तिकडे गेलंच नाही. त्याने मला विचारलं, "पोहता येतं का रे याला?" आणि उत्तर द्यायच्या आत पाण्यात उडी मारली.

आता तो विल्व्हरिनच्या आत आहे, टॉर्चच्या उजेडात. मी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवरून हे लिहितोय, कारण साडेपाचला पाणी येतं आणि पिंप भरायचं आहे. निळी_छत्री ताई, काका, सगळ्यांचे आभार. रेंडरर-इन्फोची पहिली ओळ प्रिंट काढून डब्यात ठेवणार आहे.

दादा विचारतोय कुलूप कसं उघडायचं. आलोच.